कपातीचा पैसा कोणाचा?



महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आपल्या घरी पगाराची चिठ्ठी येते. तिच्या तळाशी जो आकडा असतो तेवढाच आपण पाहतो. किराणावाल्याचे किती, मुलांच्या फीचे किती, गावी राहिलेल्या म्हाताऱ्या आईबापांना किती, हा सारा हिशेब त्या आकड्यापासून सुरू होतो. परंतु त्याच्या वर बारीक अक्षरांत आणखी एक ओळ छापलेली असते. 'ई.एस.आय. कपात' असे शब्द आणि त्यापुढे शंभर-सव्वाशे रुपयांचा आकडा. आज त्या एका ओळीविषयी मी आपणांशी बोलणार आहे. कारण ती ओळ न वाचल्यामुळे कोलमडलेली घरे वकिलीच्या धंद्यात मी पाहिली आहेत, आणि ती ओळ जपून ठेवल्यामुळे तरलेले एक घरही पाहिले आहे.

हा लेख मी वालचंदनगर डोळ्यांपुढे ठेवून लिहीत आहे. इंदापूर तालुक्यातील कळंबच्या माळावर शेठ वालचंद हिराचंद यांनी १९३० नंतरच्या दशकात साखर कारखाना उभारला. नीरेच्या कालव्याचे पाणी, भोवतालचा ऊस आणि दूरदूरचे मजूर यांच्या बळावर तेथे एक गावच वसले. पुढे साखरेच्या जोडीला यंत्रशाळा आली, आणि आज वालचंदनगरचे नाव अणुभट्ट्यांना व इस्रोच्या अग्निबाणांना लागणाऱ्या भागांशी जोडले जाते. कारखान्याबरोबर कामगारांसाठी घरे झाली, शाळा झाली, दवाखाना झाला. त्या काळी खेड्यापाड्यांत औषधाची बाटलीसुद्धा मिळत नव्हती. तेव्हा कारखान्याच्या दवाखान्याचे मोल गोरगरिबांना किती वाटले असेल, हे सांगावयास नको.

तथापि त्या व्यवस्थेत एक मूलभूत उणीव होती, आणि ती कोणा एका मालकाची नव्हती. त्या काळच्या सबंध उद्योगव्यवस्थेची होती. मालकाने दवाखाना काढला तर कामगाराला औषध मिळावयाचे, न काढला तर त्याने दैवाला बोल लावावयाचा. मालक उदार असेल तर आजाऱ्याला चार दिवसांचा पगार, नसेल तर खाडा. कामगाराचे आरोग्य हे दुसऱ्याच्या मनाच्या मोठेपणावर अवलंबून होते. आपल्या समाजाला हा प्रकार नवा नाही. बलुत्याच्या पसाभर धान्यासाठी खळ्यावर उभे राहणाऱ्या आपल्या आजोबांना ठाऊक होते की, जे मागून मिळते ते उद्या न मागताच बंदही होते. कायद्याने जे मिळते त्याची गोष्ट निराळी आहे. त्यासाठी हात पसरावा लागत नाही. कागद दाखवावा लागतो.

मेहेरबानीच्या जागी हक्क आणण्याच्या या कार्याशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव जोडलेले आहे, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसते. १९३८ साली मनमाड येथे रेल्वेतील अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, असे बजावले होते. त्या वेळी मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खाते अस्पृश्यांना बंद होते. धागा तोंडाने ओढावा लागतो, सबब अस्पृश्याच्या तोंडचा धागा इतरांना चालत नाही, असे कारण देण्यात येई. जेथे पगार चांगला तेथे आपल्याला मज्जाव, असा तो न्याय होता. पुढे १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्याच कारकिर्दीत, १९४३ साली, औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना तयार करण्याचे काम प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे सोपविण्यात आले आणि १९४४ साली त्यांनी आपला अहवाल सादर केला. त्या अहवालाच्या पायावर १९४८ साली कामगार राज्य विमा कायदा झाला, आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर येथे पंडित नेहरूंच्या हस्ते योजनेचा प्रारंभ झाला. या कायद्याचे श्रेय अनेकांचे आहे. परंतु त्याची पायाभरणी ज्या खात्यात झाली त्या खात्याची धुरा कोणाच्या खांद्यावर होती, हे आपण विसरता कामा नये.

१९४८ च्या त्या कायद्याची जागा आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. कायद्याचे नाव बदलले तरी त्याचा गाभा तोच राहिला आहे. दहा किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या आस्थापनेने आपल्या कामगारांचा विमा उतरविलाच पाहिजे. त्यासाठी दरमहा वर्गणी भरावयाची असते. १ जुलै २०१९ पासून ठरविण्यात आलेला दर असा: वेतनाच्या शेकडा ३.२५ मालकाने द्यावयाचे, शेकडा ०.७५ कामगाराच्या वेतनातून कापावयाचे, आणि दोन्ही मिळून पुढील महिन्याच्या १५ तारखेच्या आत महामंडळाकडे भरावयाचे. महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असणारा कामगार यात मोडतो, ही मर्यादा १ जानेवारी २०१७ पासून घालण्यात आली.

आता हे आकडे घरच्या हिशेबात मांडून पाहू. समजा, आपले वेतन महिना १६,००० रुपये आहे. आपली कपात १२० रुपये. मालकाचा वाटा ५२० रुपये. म्हणजे आपण एक रुपया देतो तेव्हा मालकाला सव्वाचार रुपयांहून अधिक द्यावे लागतात. मालकाचा हा वाटा आपल्या पगारातून कापण्यास कायद्याने मनाई आहे. जो ठेकेदार दोन्ही वाटे कामगाराच्याच माथी मारतो, तो दरमहा ५२० रुपयांची उघड लूट करतो.

या ६४० रुपयांच्या बदल्यात काय मिळते तेही पाहा. कामगाराला आणि त्याच्या कुटुंबाला, त्यात आश्रित आईवडीलही येतात, औषधोपचार मिळतो. आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या शेकडा ७० इतका भत्ता मिळतो. महिना ३० दिवसांचा धरला तर १६,००० रुपयांच्या वेतनावर हा भत्ता सर्व मिळून सुमारे ३४,००० रुपये होतो. बाळंतपणात स्त्री कामगाराला २६ आठवडे पूर्ण वेतन मिळते. ती रक्कम सुमारे ९७,००० रुपये होते. कामावर असताना अपघात झाला तर पहिल्या दिवसापासून वेतनाच्या शेकडा ९० इतका भत्ता मिळतो, आणि कर्ता माणूस अशा अपघातात दगावला तर त्याच्या पश्चात विधवेला व मुलांना निवृत्तिवेतनासारखी दरमहा रक्कम मिळते. सावकाराच्या दारी न जाता घर चालावे, एवढी सोय या एका ओळीत आहे.

असे असता घरे का कोलमडतात? कारण कापलेला पैसा पुष्कळदा भरलाच जात नाही.

काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ मजकडे आले. त्यांचा तरुण मुलगा एका लहान कारखान्यात ठेकेदारामार्फत कामाला होता. कारखान्याचे आणि ठेकेदाराचे नाव येथे सांगण्याचे कारण नाही. चौदा महिने त्याच्या पगारातून विम्याची कपात होत होती. एके दिवशी पत्रा दाबण्याच्या यंत्रात त्याच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली. दवाखान्यात विमा क्रमांक विचारला तेव्हा कळले की, त्याच्या नावाची नोंदच नाही. अपघातानंतर ठेकेदाराने घाईघाईने नोंद केली आणि कामावर रुजू झाल्याची तारीख घातली ती त्याच दिवसाची! म्हणजे पोरगा सकाळी कामावर आला आणि दुपारी बोटे गमावून बसला, असे कागदावर झाले.

त्या मुलाच्या आईला अक्षरओळख नव्हती. परंतु मुलगा आणीत असलेली प्रत्येक चिठ्ठी तिने पत्र्याच्या डब्यात, शिधापत्रिकेच्या खाली जपून ठेवली होती. कागद टाकावयाचा नाही, एवढे तिला ठाऊक होते. त्या चौदा चिठ्ठ्या मी न्यायाधीशांपुढे ठेवल्या. दीड वर्ष लागले. पण भत्ता मिळाला आणि हात कायमचा अधू झाल्याबद्दलची दरमहाची रक्कमही सुरू झाली. वकिलाची हुशारी त्यात थोडीच होती. खटला जिंकला तो त्या डब्याने.

या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाचा एक निर्णय प्रत्येक कामगाराने लक्षात ठेवण्यासारखा आहे. भारगथ इंजिनिअरिंगच्या प्रकरणात कामगाराच्या मृत्यूनंतर मालकाने वर्गणी भरली होती. तो कामगार विमेदार होता की नाही, असा वाद निघाला. न्यायालयाने सांगितले की, ज्या दिवसापासून वर्गणी देय झाली त्या दिवसापासून तो विमेदार होता. मालकाने ती केव्हा भरली यावर त्याचा दर्जा ठरत नाही. त्याही आधी, १९७८ साली, हैदराबादच्या रॉयल टॉकीजच्या प्रकरणात न्यायालयाने ठेकेदाराने उपाहारगृहात आणि सायकली ठेवण्याच्या जागी लावलेल्या माणसांनाही चित्रपटगृहाचे कर्मचारी मानले होते. तेव्हा 'तुम्ही ठेकेदाराची माणसे, कंपनीचा संबंध नाही' हे उत्तर कायद्यात बसत नाही. मुख्य मालकाने वर्गणी आधी भरावयाची आणि मग ठेकेदाराकडून वसूल करावयाची, असा दंडक आहे.

आता पैशाच्या मालकीचा प्रश्न. कामगाराच्या वेतनातून कापलेले १२० रुपये मालकाच्या तिजोरीत पडून असतात तेव्हा ते कोणाचे? १९४८ च्या कायद्याने याचे स्वच्छ उत्तर दिले होते. कापलेली रक्कम कामगाराने मालकाजवळ विश्वासाने ठेवली आहे, असे मानावयाचे. ती ठेव आहे. ती न भरणे हा विश्वासघात आहे, आणि त्याला तीन वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद आहे.

हेच तत्त्व आयकराच्या कायद्यातही आले, हे फार थोड्यांना माहीत असते. १९८७ साली अशी तरतूद करण्यात आली की, मालकाने कामगाराकडून कापून घेतलेली वर्गणी प्रथम मालकाचे उत्पन्न म्हणून धरावयाची, आणि ती त्या त्या कायद्याच्या मुदतीत भरली असेल तरच वजावट द्यावयाची. चेकमेट सर्व्हिसेसच्या प्रकरणात १२ ऑक्टोबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या तरतुदीचा अर्थ निश्चित केला. मालकाचा स्वतःचा वाटा आणि कामगाराकडून कापलेला वाटा या दोन भिन्न जातीच्या रकमा आहेत. दुसरी रक्कम मालकाने केवळ विश्वस्त म्हणून बाळगलेली असते. सबब ती मुदतीनंतर भरली तर वजावट मिळणार नाही, असा तो निर्णय होता. म्हणजे चाळीस कामगारांचे प्रत्येकी १२० याप्रमाणे ४,८०० रुपये ज्याने वेळेवर भरले नाहीत, त्याला त्या ४,८०० रुपयांवर स्वतःचे उत्पन्न असल्याप्रमाणे कर द्यावा लागला. संसदेने २०२५ साली आयकराचा नवा कायदा केला आहे, आणि करसवलतीच्या मुदती मागेपुढे होतच राहतात. त्यांचा तपशील मालकाच्या हिशेबनिसाने पाहावा. आपण लक्षात ठेवावयाचे ते एवढेच की, विम्याचा कायदा असो वा कराचा, कामगाराचा पैसा मालकाचा मानण्यास दोन्ही तयार नाहीत.

यावर आपल्यातलेच काही बंधू म्हणतील, 'वकीलसाहेब, हे सारे खरे. पण विम्याचा दवाखाना लांब, तेथे डॉक्टर वेळेवर नाही, औषध बाहेरून आणा म्हणतात. त्यापेक्षा कपात नको आणि रोख हातात द्या, असे आम्हीच ठेकेदाराला सांगतो.' हा आक्षेप खोटा नाही. तालुक्याच्या गावातील कामगाराला मोठ्या उपचारासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी जावे लागते आणि त्यात दिवसाची हजेरी बुडते, हे मी जाणतो. परंतु याचे उत्तर रोख घेणे हे नव्हे. रोख मागणाऱ्या कामगाराला १२० रुपये वाढून मिळतात, आणि ठेकेदाराचे ५२० रुपये वाचतात. म्हणून तर तो एवढ्या आनंदाने 'हो' म्हणतो! शिवाय दवाखाना वाईट असला तरी आजाराचा भत्ता, बाळंतपणाचे वेतन आणि अपघाताची रक्कम ही दवाखान्यावर अवलंबून नाहीत. ज्या भागात विमेदारांची संख्या कागदावर कमी दिसते, त्या भागात चांगला दवाखाना मागावयाचा तरी कोणत्या तोंडाने? आपली नोंद होणे हीच दवाखाना सुधारण्याची पहिली पायरी आहे.

मालकांचाही एक आक्षेप आहे. लहान कारखानदार म्हणतो, 'मी सारे भरतो, पण शेजारचा भरत नाही, म्हणून त्याचा माल स्वस्त पडतो.' हे गाऱ्हाणे रास्त आहे. मात्र त्याचा अर्थ एवढाच की, न भरणारा इसम कामगाराबरोबर प्रामाणिक मालकालाही लुबाडत असतो. दहाच्या आत आकडा राहावा म्हणून एकाच छपराखाली दोन नावांचे फलक लावणे, निम्म्या माणसांना 'शिकाऊ' म्हणविणे, या क्लृप्त्या आमच्या धंद्यात रोज पाहावयास मिळतात. कायदा एकदा लागू झाल्यावर माणसे दहाच्या खाली आली तरी तो सुटत नाही, हे अशांनी ध्यानात घ्यावे.

येथवर मी यंत्रशाळेविषयी बोललो. आता वालचंदनगरच्या भोवतीचा ऊस आठवा. कारण या कायद्याची सर्वांत मोठी फट तेथे आहे. कायद्याने 'हंगामी कारखाना' विम्यातून वगळला आहे. कापूस पिंजणे व दाबणे, भुईमुगाच्या शेंगा फोडणे, चहा, कॉफी, लाख, नीळ, आणि साखर व गूळ तयार करणे, एवढेच काम करणारा कारखाना हंगामी ठरतो. वर्षात सात महिन्यांहून अधिक न चालणाऱ्या काही ठरावीक कारखान्यांचीही त्यात गणना होते. १९४८ च्या कायद्यातील ही सूट नव्या संहितेतही कायम राहिली. म्हणजे यंत्राचा भाग घडविणारा विमेदार, आणि त्याच तालुक्यात उसाचा रस उकळणारा विम्याबाहेर! भाजणारी वाफ मात्र दोघांना सारखीच भाजते.

कारखान्याच्या फाटकाबाहेर, उसाच्या फडात, तर याहून बिकट अवस्था आहे. बीड आणि इतर दुष्काळी भागांतून येणारे तोडणी कामगार मुकादमाची उचल घेऊन येतात. नवराबायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. खाडा झाला तर दंड, आणि आजाराला रजा हा शब्दच नाही. त्याची परिणती काय होते, हे बीड जिल्ह्यातील स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांनी सबंध महाराष्ट्राला दाखविले. २०१९ साली राज्य सरकारला त्याच्या चौकशीसाठी डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. आजारपणाचा भत्ता नसेल तर गरीब बाई काय गहाण ठेवते, याचा हा दाखला आहे.

म्हणून माझे मत असे की, साखर धंद्याला दिलेली ही सूट आता रद्द झाली पाहिजे. १९४८ साली गळीत हंगाम संपला, पट्टा पडला, की मजूर पांगत असत आणि त्यांचा हिशेब ठेवणे अवघड होते, असे म्हणता येईल. आज कामगाराचा विमा क्रमांक संगणकावर असतो आणि तो मालक बदलला तरी बदलत नाही. जो क्रमांक कानपुरात चालतो तोच कळंबला चालतो. मग सहा महिने इंदापुरात राबणाऱ्या माणसाचा हिशेब ठेवता येत नाही, हे कारण टिकणारे नाही. शिवाय कायद्याचा शब्द 'केवळ' साखर करणारा कारखाना असा आहे. जेथे साखरेच्या जोडीला बारमाही चालणारे इतर उत्पादन होते, तेथे ही सूट लागू पडते काय, हा प्रश्न कामगार संघटनांनी तपासून पाहिला पाहिजे. तोवर हंगामी कामगारांनी एवढे तरी जाणून घ्यावे की, विमा नसला तरी कामावरील अपघाताची भरपाई देण्याची मालकाची जबाबदारी कायद्यात आहे, आणि हंगामी आस्थापनेत प्रत्येक हंगामामागे सात दिवसांचे वेतन या हिशेबाने उपदानाचा हक्कही आहे.

आता आपल्यापैकी जे बंधू स्वतः मालक झाले आहेत त्यांच्याशी दोन शब्द. आपल्या समाजात आज ठेकेदार आहेत, लहान यंत्रशाळांचे मालक आहेत, बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत माणसे पुरविणारे आहेत. ही अभिमानाची गोष्ट आहे. परंतु ज्याने पंचशील घेतले त्याने न दिलेले न घेण्याचा दुसरा नियम हजेरीपुस्तकालाही लावला पाहिजे. कामगाराच्या पगारातून कापलेले १२० रुपये त्याने आपल्याला दिलेले नाहीत. ते पोहोचविण्यासाठी सोपविले आहेत. 'बिल अडकले आहे, पुढच्या महिन्यात भरू' असे म्हणणारा चांगला माणूस चोर होण्यास एकच अपघात पुरेसा असतो. सम्यक आजीविका म्हणजे दारू आणि शस्त्रे न विकणे एवढेच नव्हे. १५ तारखेला चलन भरणे हेही तीत येते. आपला माणूस मालक झाला म्हणून आपल्या माणसाचा पैसा सुरक्षित झाला नसेल, तर मालक बदलला एवढेच झाले.

शेवटी, प्रत्येक घराने काय करावे ते सांगतो. पहिली गोष्ट, आपला विमा क्रमांक माहीत करून घ्या आणि घरातील सर्वांना तो पाठ असू द्या. महामंडळाच्या संकेतस्थळावर किंवा उमंग ॲपवर आपल्या नावावर किती दिवसांची वर्गणी जमा झाली हे दिसते. घरातील शिकलेल्या मुलाने किंवा मुलीने दर महिन्याच्या अखेरीस ते पाहावे. दुसरी गोष्ट, ठेकेदार बदलला तर जुनाच क्रमांक सांगा. नवा काढू देऊ नका. आजाराच्या भत्त्यासाठी सहा महिन्यांच्या वर्गणी काळात ७८ दिवसांची वर्गणी लागते, आणि बाळंतपणासाठी आधीच्या दोन वर्गणी काळांत मिळून ७० दिवसांची. दोन क्रमांकांत दिवस वाटले गेले तर दोन्हीकडे ते अपुरे पडतात.

तिसरी गोष्ट आपणां बौद्ध कुटुंबांसाठी विशेष महत्त्वाची. दीक्षेनंतर अनेकांनी जातीची खूण सांगणारी नावे-आडनावे टाकून नवी घेतली. हे योग्यच झाले. परंतु आधार कार्डावर नवे आडनाव, विम्याच्या नोंदीत जुने, आणि मुलांच्या दाखल्यावर तिसरेच, असा घोळ राहिला तर ऐन अडचणीत दवाखान्याच्या खिडकीवर अडवणूक होते. जुने नाव टाकावयाचे तर सर्व कागदांवरून टाका. पत्नी, मुले आणि आश्रित आईवडील यांचीही नावे नोंदवून घ्या. नोंद नसलेल्या आईला मुलाचा विमा उपयोगी पडत नाही.

चौथी गोष्ट, पगाराची चिठ्ठी मागा. देत नसतील तर चार-सहा जण मिळून लेखी मागा आणि अर्जाची पोहोच घ्या. कपात झाली आणि भरणा झाला नाही असे दिसले, तर महामंडळाच्या कार्यालयाकडे लेखी तक्रार करा. तेथेही दाद लागली नाही तर कामगार विमा न्यायालय आहे. तेथे वकीलच हवा असे नाही. नोंदलेल्या कामगार संघटनेचा पदाधिकारीही आपली बाजू मांडू शकतो. एकट्याने भांडू नका. एकट्याला ठेकेदार उद्यापासून येऊ नको म्हणतो. चाळीस जणांना म्हणता येत नाही.

शिका, संघटित व्हा आणि संघर्ष करा, हा संदेश आपण सभांतून नेहमी ऐकतो. संघर्ष म्हणताच आपल्या डोळ्यांपुढे मोर्चा उभा राहतो. पण पुष्कळ संघर्ष स्वयंपाकघरातल्या पत्र्याच्या डब्यापासून सुरू होतात. या महिन्याची चिठ्ठी आली की तळचा आकडा वाचण्यापूर्वी वरची ओळ वाचा, मग ती डब्यात ठेवा, आणि पुढील महिन्याच्या १६ तारखेला पाहा, आपला पैसा पोहोचला काय.

जयभीम.